दारापाशी घटकाभर

चित्रलेखाने सासऱ्यांच्या बुटाची नाडी ओढली आणि मान वर न करताच म्हणाली, "पापा, दुसरा पाय."

"घाई कसली? डॉक्टर पळून चाललाय का?" अर्काडींनी पाय पुढे केला. "तपासणीच ना? वेस्टमीडच्या हॉस्पिटलातच?"

"हो. जायचं नि यायचं."

तिने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. त्यांची मोठी बॅग सकाळीच गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली होती. दिसू नये म्हणून वर चादर टाकली होती.

या माणसाने उमेदीची वर्षं बर्फाळ उत्तरेत लढाऊ विमानं उडवण्यात घातली. मग अंतराळवीर म्हणून निवड झाली आणि राखीव म्हणून थांबणं नशिबी आलं. दुसरे वर जात, हे खालून हात हलवत. अखेर एकदाच गेले. परतले तेव्हा पायांत त्राण नव्हतं, यानातून चौघांनी उचलून बाहेर काढलं. स्कोफिल्ड्स उपनगरातल्या या घरात ती गोष्ट ते हसत हसत सांगत. आता कधी गॅस उघडा राही, कधी स्वारी पायजम्यावर हमरस्त्यावर सापडे. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराचा पडदा पेटला, तेव्हा त्यांचा मुलगा आंद्रे म्हणाला, "बस झालं, लेखा."

घर सोडायची वेळ आली तर मला आधी सांग, असं अर्काडींनी तिला पूर्वीच बजावलं होतं. "पोराला जमणार नाही. तू सांग. कुठे उतरायचंय ते पायलटला ठाऊक असावं लागतं." तिने शब्द दिला होता. पण सांगितलं तर ते जागचे हलणार नाहीत, असं आंद्रेचं म्हणणं. तिने त्याचं ऐकलं.

"चला, ट्रॅफिक लागेल," म्हणत आंद्रे किल्ली घेऊन आला. दाराशी थबकला. आणि बुटांच्या कपाटाशेजारच्या बाकावर टेकला, हात गुडघ्यांवर ठेवून.

चित्रलेखाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लांबच्या प्रवासाला निघताना अर्काडींच्या मुलखात सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं असतं. वडीलधारं उठलं की मग बाकीच्यांनी उठायचं. लग्नानंतर ती पहिल्यांदा मुंबईला निघाली तेव्हा अर्काडींनीच तिला हाताला धरून या बाकावर बसवलं होतं. डॉक्टरकडे जाऊन यायला कुणी असं बसत नाही.

आंद्रेच्याही ते ध्यानात आलं. तो चटकन उठू लागला.

"बस," अर्काडी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी सरकून बसले. चित्रलेखा जमिनीवरच होती. शेजारच्या आवारात कुणी गवत कापत होतं, त्याची घरघर आत येत राहिली.

"लेखा," ते म्हणाले, "उतरायचं कुठे?"

"पापा, वेस्टमीडलाच, तुमचं..." आंद्रे मध्येच बोलला.

"मी तिला विचारलं."

"क्वेकर्स हिलला," ती म्हणाली. "वृद्धाश्रम आहे. तुमची खोली बागेकडची आहे."

"परतीचं इंधन?"

तिने नकारार्थी मान हलवली.

अर्काडी आणखी थोडा वेळ बसून राहिले. मग गुडघ्यांवर हात रोवून उठले. आंद्रेने आधाराला हात पुढे केला.

"राहू दे. त्या वेळी चौघे लागले होते."

खिशातली घराची किल्ली काढून त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवली आणि पायरी उतरले. आंद्रे त्यांच्या मागून गेला.

वडीलधारं उठलं होतं. चित्रलेखाला उठता येईना.