सासूबाईंच्या छतावरचा फ्रीज

जावईबापूंच्या नव्या फ्रीजमध्ये आपोआप बर्फ व्हायचा, आणि त्यासाठी भिंतीतून पाण्याची एक नळी फ्रीजला जोडली होती. त्या नळीच्या बरोबर खाली, खालच्या मजल्यावर, सासूबाईंचं स्वयंपाकघर होतं. घर घेताना माणसाने थोडा विचार करायला हवा, पण जावईबापूंनी तो केला नव्हता.

वर्षापूर्वी त्यांच्या वॉशिंग मशीनची नळी निसटली आणि पाणी छतातून थेट सासूबाईंच्या दुधाच्या पातेल्यात उतरलं. तेव्हापासून त्या जावयाशी बोलत नव्हत्या. एकाच सोफ्यावर बसल्या तरी मुलीला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, पंखा कमी करा." जावईबापू पडले हळवे. त्यांना हे फार लागलं होतं. आता आणखी एक थेंब खाली गेला तर सासूबाई जन्मात आपल्याशी बोलणार नाहीत, या धास्तीने त्यांची झोप उडाली.

म्हणून रोज सकाळी सहाला ते दात-ओठ खाऊन फ्रीज पुढे ओढायचे. मागे पालथे पडून नळीच्या नटाला कोरडा टिश्यू पेपर लावायचे, तो उजेडात धरून न्याहाळायचे आणि "कोरडा!" अशी आरोळी ठोकून फ्रीज परत ढकलायचे. बायको पांघरुणातूनच "बरं" म्हणायची.

सदतिसाव्या दिवशी कागद ओला निघाला.

जावईबापूंना आधी आनंद झाला, हे कबूल करायलाच हवं. "बघ! मी होतो म्हणून सापडलं!" मग मात्र त्यांना खालचं स्वयंपाकघर आठवलं. त्यांनी धडपडत भिंतीतला वॉल्व्ह बंद केला, नळीखाली परात सरकवली आणि प्लंबरबाईंना फोन लावला.

प्लंबरबाईंनी गुडघ्यावर बसून नट चाचपला. "नळी आखूड आहे. ताण बसून बसून नट ढिला झालाय. फ्रीज कोण ओढतं सारखा?"

"मी. रोज. गळू नये म्हणून."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, वर्षातून दोनदा बघा. असंच ओढत राहिलात तर भिंतसुद्धा गळायला लागेल."

त्यांनी स्टीलच्या जाळीची लांब नळी बसवली, फ्रीजमागे तिला ऐसपैस वेटोळं दिलं, नट बेताने आवळला आणि जावईबापूंना फ्रीजला हात लावायची सक्त मनाई केली.

तेवढ्यात सासूबाई दारात हजर. "काय गं, आज गडगडाट संपतच नाही?"

मुलीने कागदापासून परातीपर्यंत सगळं सांगितलं. जावईबापू फ्रीजमागेच बसून राहिले. बाहेर यायचं कोणत्या तोंडाने?

"म्हणजे रोज सहाला हे माझ्या छतासाठी चालायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझी झोप मोडायला मुद्दाम करतात." मग त्या फ्रीजमागे वाकल्या. "अहो, वरून काय बघता? पाणी आलं तर माझ्याकडेच येणार ना? उद्यापासून सहाला खाली या. छत बघा, चहा घ्या. आणि बर्फ आणा, माझा गुडघा ठणकतोय."

जावईबापू फ्रीजमागून रांगतच बाहेर आले. त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते बर्फाचं भांडं घेऊन साडेपाचलाच बेल वाजवून मोकळे. सासूबाईंनी डोळे चोळत दार उघडलं आणि अर्धा तास आधी उठवल्याबद्दल त्यांना तोंडावर, मनसोक्त झापलं. जावईबापू एकेक शब्द ऐकत होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.