तेजरामची पानं

प्रिंटर घरात आला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात तांदळाचा दाणा गेला. दोष कोणाचा म्हणाल तर पुष्पाबाईंचा. घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू लावून अक्षता वाहायच्या, हा त्यांचा नेम. फ्रीजला वाहिल्या, मोटारसायकलला वाहिल्या, तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही. प्रिंटरला मात्र मागच्या बाजूला कागद उभे करायची फट होती आणि एक अक्षत नेमकी त्या फटीत पडली. पहिला कागद ओढताना यंत्र असं काही कण्हलं की पुष्पाबाईंचे यजमान यादोराव ओसरीवरून उठून आत आले.

“चालू व्हायच्या आधीच बिमार पडली का मशीन?”

त्यांची सून गुंजन मोबाईलच्या उजेडात, भुवयांच्या चिमट्यानं दाणा शोधत होती. “मामाजी, आता बोलू नोका,” ती वर न पाहता म्हणाली.

यादोरावांना मनातून बरं वाटलं. खोटं कशाला सांगा? त्या यंत्रावर त्यांचा राग होता, आणि रागाला कारणही होतं.

गुंजन तिसरी ते सातवीच्या पोरांची शिकवणी घ्यायची. दर आठवड्याला सरावाची पानं काढायला आंधळगावच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं, तिथं लाईट नाही, नाहीतर दुकानदारच नाही. शेवटी वैतागून तिनं शिकवणीच्या कमाईतून हा प्रिंटर मागवला. छपाई, झेरॉक्स, स्कॅन, तिन्ही एकातच, आणि मोबाईलमधून बिनतारी चालणारा. चार बाटल्यांची शाई तिनं एक थेंब न सांडता भरली. पण वायफाय काही लागेना. मधल्या खोलीत ठेवला तर दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीपलीकडचा राऊटर त्याला सापडत नव्हता. स्वयंपाकघरात ठेवला तर फोडणीचा धूर. यंत्र उचलून गुंजन घरभर फिरली, निळा दिवा लुकलुकत राहिला, आणि जिथं तो एकदाचा स्थिर झाला ती जागा घरात एकच निघाली: ओसरीलगतच्या खोलीतलं यादोरावांचं लिहायचं मेज.

“चालते ना मामाजी?”

“चालते,” यादोराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या मेजावर बसून त्यांनी चाळीस वर्षं नक्कला उतरवल्या होत्या. दिवाळी झाली की गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री गावातल्याच लोकांचं नाटक असतं. नाटक मंडळाकडे लेखकाची एकच वही. तीवरून प्रत्येक नटाला त्याची त्याची नक्कल लिहून द्यायची, म्हणजे त्याची वाक्यं आणि त्याच्या आधी बोलणाऱ्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, की आपली पाळी कधी ते कळावं. यादोराव गावच्या शाळेत शिपाई होते. मास्तर लोकांचं अक्षर त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं आणि त्यांचं स्वतःचं अक्षर मास्तरांपेक्षा चांगलं होतं, हे मास्तरही कबूल करायचे. नाटकाच्या रात्री विंगेत बसून विसरलेलं वाक्य सांगायचं कामही त्यांचंच.

पण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप ते डाव्या हातानं धरायचे. गेल्या वर्षीच्या नक्कला वाचताना नटांनी डोळे बारीक केले, ते त्यांनी पाहिलं होतं.

प्रिंटर आल्याची बातमी गावात फिरायला एक दिवसही लागला नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाचा सचिव चंद्रकुमार वही घेऊनच आला. मनाचा वाईट नाही, पण घाईचा माणूस.

“काकाजी, औंदा तुमाले तरास कायले? वहिनी अख्खी वही छापून देऊन राहिल्या. ज्याले त्याले पुरं नाटक.”

गुंजननं सासऱ्यांकडे पाहिलं. “मामाजी, तुमी म्हनत असान तरच.”

“छापा ना,” यादोराव म्हणाले. “मी कायले नाही म्हनू?”

गुंजननं वही काचेवर पालथी घालून चौसष्ट पानं स्कॅन केली आणि अकरा नटांचे अकरा संच काढले. दोन दिवस यंत्र यादोरावांच्या मेजावर बसून घरघरत होतं आणि यादोराव ओसरीवर बसून ऐकत होते. पुष्पाबाईंनी दोनदा चहा आणला, तो निवला. चाळीस वर्षांचं आपलं काम एका डब्यानं दोन दिवसांत उरकलं, हे त्यांना फार लागलं. आणि स्वतःच्या दुःखात माणूस असा गुंग होतो की शेजारच्याचं त्याला दिसत नाही. यादोरावांचंही तेच झालं. त्यांना तेजराम आठवलाच नाही.

रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात पहिली तालीम होती. नाटकाचं नाव ‘सातबारा सुनेचा’. त्यातल्या सासऱ्याची मोठी भूमिका तेजरामची. गेली बावीस वर्षं मोठी भूमिका तेजरामचीच असायची. एरवी हा माणूस बोलायचा कमी, कारण लहानपणापासून त्याची जीभ अडायची. पिठाच्या चक्कीचा धंदाही त्यानं बहुधा म्हणूनच धरला. चक्कीच्या आवाजात कोणी बोलत नाही आणि बोलावं अशी अपेक्षाही करत नाही. पण रंगमंचावर तो एकदाही अडला नव्हता. तोंडाला रंग लागला की तेजरामवर देवीची कृपा होते, असं गाव म्हणायचं, आणि बायका पोरांना उचलून त्याला दाखवायच्या.

तेजराम छापील पानं घेऊन उभा राहिला. पहिलंच वाक्य होतं, “पाटील, सही या पोरीची आहे.”

“प...” तेजराम म्हणाला. “प... प...”

यादोराव समोर मूळ वही घेऊन बसले होते. सवयीनं त्यांनी शब्द सांगितला, “पाटील.” तेजरामचा चेहरा लाल झाला. मानेची शीर तट्ट फुगली. खिडकीवर बसलेली पोरं हसली. चंद्रकुमार म्हणाला, “आरामशीर तेजरामभाऊ, पुढचं घ्या.” पुढचं वाक्य ‘कागद’ या शब्दानं सुरू होत होतं. त्यानं तीनदा दम घेतला, चौथ्यांदा घेतला आणि पानं गोळा करून खुर्चीवर ठेवली.

“माह्याच्यानं नाही होत औंदा,” तो एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

देवीची कृपा काय होती, हे जगात फक्त यादोरावांना माहीत होतं. तेजराम चौथीत असताना मास्तर त्याला मोठ्यानं वाचायला उभं करायचे, वर्ग हसायचा आणि पोरगं घंटेजवळ यादोरावांच्या स्टुलामागे येऊन लपायचं. वाक्य ‘प’ नाहीतर ‘क’नं सुरू झालं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते, मध्ये आलं तर सहज सुटते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पुढं तो नाटकात आला तेव्हा त्याची नक्कल उतरवताना यादोरावांनी कोणाला न सांगता वाक्यं फिरवली. “पाटील, सही या पोरीची आहे” असं असेल तर “सही या पोरीची आहे, पाटील” असं लिहायचं. फिरवता आलं नाही तर शब्द बदलायचा. बावीस वर्षं, बावीस नाटकं. लेखकाला कळलं नाही, प्रेक्षकांना कळलं नाही. तेजरामलाही कळलं नसावं, असं ते धरून चालले होते.

आणि या वर्षी ते रुसून बसले होते.

सकाळी गुंजन मेजाशी आली तर यादोराव वही उघडून, पेन हातात धरून बसलेले. कागदावर एक ओळ होती, आणि ती वाचण्यासारखी नव्हती.

“मामाजी, काय करून राहिले?”

त्यांनी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. “मंडईले आठ दिवस हायेत. एकोनतीस ओळी बदलायच्या. आन् हात पाह्य माहा.”

“मी लिहू? तुमी सांगा.”

“माह्या अक्षराले कोनी इचारत नाही, तू लिवशील त् तो चंद्रकुमार इचारन. गावभर होईन. तेजराम रंगमंचावर चढनार नाही मंग कधी.”

गुंजन थोडा वेळ त्या वाकड्या ओळीकडे पाहत राहिली. मग तिनं एक कोरा कागद पुढं केला. “मोठं लिवा. पाटीवर लिवता तेवढं मोठं.”

“मोठं लिवून थरथर जाते का?”

“लिवा त् खरं.”

त्यांनी लिहिलं. बोटभर उंचीची अक्षरं, कडा फाटलेल्या. गुंजननं तो कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, मोबाईलवर निम्मा आकार निवडला आणि हिरवं बटण दाबलं. खालून पान आलं. तीच ओळ, अर्ध्या उंचीची. अक्षर लहान झालं होतं, त्याबरोबर थरथरही. तिनं ते पान पुन्हा काचेवर ठेवून आणखी लहान केलं. आता ते यादोरावांचं अक्षर होतं, दहा वर्षांपूर्वीचं, मास्तरांना लाजवणारं.

यादोरावांनी ते पान किती तरी वेळ हातात धरलं. हातही थरथरत होता आणि पानही, पण पानावरची ओळ सरळ होती.

मग दोन दिवस त्या खोलीत कारखानाच चालला. यादोराव मोठ्या अक्षरांत लिहायचे, गुंजन लहान करायची, पुष्पाबाई कात्रीनं पट्ट्या कापून गोंदानं जुन्या ओळींवर चिकटवायच्या. चिकटवलेलं पान काचेवरून गेलं की जोड दिसेना. मेज अपुरं पडलं तेव्हा यादोरावांनी स्वतः प्रिंटर भिंतीकडे सरकवला आणि स्वतःची वही त्याच्या अंगाला टेकवून ठेवली.

“चंद्रकुमारले काय सांगू?” गुंजननं विचारलं.

“सांग, मशीननं काई ओळी खाल्ल्या, त्या मामाजीनं लिवून घातल्या.”

“वा! माह्या प्रिंटरचं नाव कायले खराब करता?”

“अवं, त्यानं अक्षता खाल्ल्या, ओळी खाल्ल्या म्हटलं त् कोन इस्वास ठेवनार नाही?” यादोराव म्हणाले, आणि पुष्पाबाई सोडून दोघंही हसले.

बुधवारी दुपारी ते तेजरामचा संच घेऊन चक्कीवर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. चक्की मोकळीच फिरत होती.

“हे घे. मशीननं गडबड केलती. हे बरोबरवाले पानं.”

तेजरामनं पिठाचे हात पंचाला पुसले आणि चक्की बंद केली. एकदम शांत झालं. त्यानं पहिलं पान डोळ्यांखालून घातलं, घसा साफ केला आणि वाचलं.

“सही या पोरीची आहे, पाटील. माझा आहे तो कागद, जमीन सुनेची.”

एका दमात वाचलं. कुठंही अडलं नाही. पण त्याचा चेहरा उजळला नाही, उलट तो खाली पोत्यावर बसला आणि त्या ओळीवर बोट फिरवत राहिला.

“अक्षर तुमचं हाये,” तो म्हणाला.

“मशीननं ओळी खाल्ल्या म्हनून मी...”

“क... काकाजी,” तेजराम म्हणाला. तो हळूहळू बोलत होता, मध्ये थांबत होता, पण थांबायला लाजत नव्हता. “मले मालूम हाये. सातव्या वर्साले मंडळाची वही माह्या हाती लागलती. मी माह्या न... नक्कलेशी ताडून पाह्यली. रातभर रडलो. म्हटलं, देवी नाही, हा मानूस हाये.”

“मंग सांगतलं काहून नाही?” यादोरावांनी विचारलं.

“सांगतलं असतं त् तुमाले संकोच वाटला असता.” तेजरामनं पानं छातीशी धरली. “औंदा हे छापलेले आले. जसंच्या तसं. उभा राह्यलो आन् वाटलं, काकाजी माह्यावर नाराज हायेत. माह्याकडून काई चुकलं. जीभ त्यानंच अडली, ‘प’नं नाही.”

“तुहं नाही चुकलं,” यादोराव म्हणाले. “माहंच चुकलं, बेटा. मी मशीनवर रुसलतो, आन् तुलेच इसरलो.”

बाहेर दळणाचं पोतं लादलेली सायकल येऊन टेकली. तेजराम उठला, बटणाकडे गेला, पण त्यानं ते दाबलं नाही. त्याची नजर यादोरावांच्या उजव्या हातावर होती. यादोरावांनी दोन वर्षं तो हात चारचौघांत मागं लपवला होता. आज तो समोरच राहू दिला.

“आन् पुढच्या सालची नक्कल?” तेजरामनं विचारलं.

“मीच लिवनार,” यादोराव म्हणाले. “मोठं मोठं लिवीन. लहान करायले घरी मशीन हाये.”