पुडीच्या घडीची कोरी चिठ्ठी

त्या गुरुवारी सिस्टरने मला नेहमीसारखं ओल्या फडक्याने पुसलं, बिजागरीत तेलाचा थेंब सोडला आणि फोनवर लेकीला विचारलं, "कधी येतेस?"

"बघते गं. अजून त्या डब्याच्याच मागे आहेस का?"

"डबा उलटून बोलत नाही, म्हणून बरा," सिस्टर हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालता घालता तिचं हृदय थांबलं.

मैत्रिणींनो, तो न बोलणारा डबा म्हणजे मी. जन्माने बिस्किटांचा, कर्माने प्रश्नांचा. सिस्टर मुलींच्या शाळेत परिचारिका होती आणि मोठ्या मुलींचा आरोग्याचा वर्ग घ्यायची; तोंडाने विचारता येत नाहीत ते प्रश्न पोरी चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकायच्या. कुलूपवाल्याने माझ्या झाकणाला फट पाडली, तेव्हा तिने त्याच्याकडून कडा तीनदा घासून घेतल्या. म्हणाली, "पोरींची बोटं कापायला नकोत."

पोरी मात्र माझ्याकडे चोराकडे बघावं तशा बघायच्या.

"सिस्टरला अक्षर ओळखता येतं हं!"

"मग डाव्या हाताने लिही."

"माझं उजव्या हाताचंच कुणाला लागत नाही, मला कसली भीती!"

मुख्याध्यापिकांनाही संशय. "कोण काय विचारतं, ते मला कळायला हवं."

"उत्तरं कळवीन, मॅडम. विचारणारी मलाच ठाऊक नसते."

म्हणूनच तिचा नियम होता: प्रत्येकीने चिठ्ठी टाकायचीच, कोरी असली तरी. पाळीत पोट दुखत असताना खेळू का? एक छाती मोठी, एक लहान, हे बरोबर आहे का? सिस्टर वाचायची, न हसता उत्तर द्यायची आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडायची.

एका वर्षी तिची लेकच त्या वर्गात आली. पंधरा वर्षांची. फोन पालथा ठेवणारी, हाक मारली की दचकणारी. सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. एके दिवशी वर्ग भरण्याआधी तिने स्वतःच माझ्यात एक चिठ्ठी टाकली. मला ते आवडलं नाही. पंचानेच बॅट हातात घ्यावी, तसं वाटलं.

ती चिठ्ठी तिने वर्गात वाचली. "तो म्हणतो, प्रेम असेल तर तसला फोटो पाठव आणि घरी बोलू नकोस. मी काय करू?"



"पाठवू नकोस," सिस्टर म्हणाली. "पाठवला असशील, तरी तू वाईट नाहीस. 'नाही' म्हटल्यावर जो धमकावतो, त्याला तू नको असतेस, तुझं गप्प बसणं हवं असतं. कुणातरी मोठ्या माणसाला सांग. आईशी बोलवत नसेल, तर मावशीला सांग."

लेकीने कागद ओळखला. घरच्या वाणसामानाच्या वहीचा, निळ्या रेघांचा. घरी आल्यावर तिने दप्तर आपटलं. मी सिस्टरच्या पिशवीतून ऐकत होतो.

"माझा फोन बघितलास ना?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"कळलं नाही. भीती वाटली."

"खोटं! वर्गात माझी शोभा केलीस."

त्याच आठवड्यात तिने मावशीला सगळं सांगितलं आणि त्या मुलाशी संबंध तोडला. आईला चकार शब्द सांगितला नाही. त्यानंतर तिच्या कपाटाला कुलूप, फोनला कुलूप, तोंडालाही कुलूप. इतक्या वर्षांत मायलेकींचं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे फारसं गेलं नाही.

सिस्टर गेल्यावर लेक आली. जुडग्यातली सर्वांत लहान किल्ली मला लागली. झाकणावर हात ठेवून ती थबकली. आईने आपल्याबद्दल काय काय जमवून ठेवलंय, कोण जाणे!

आत एकच चिठ्ठी होती, औषधाच्या पुडीसारखी दुमडलेली. ती घडी सिस्टरनेच तिला लहानपणी शिकवलेली. वर्गात तशी घडी लेक एकटीच घालायची; ही तिनेच त्या दिवशी टाकलेली. सगळ्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या सिस्टरने ही तेवढी ठेवली होती.

लेकीने ती उलगडली. कोरी. उलटून पाहिली. मागेही काही नव्हतं.

मैत्रिणींनो, माझ्या गंजाला तेलाचा थेंब पुरतो. मनात राहिलेल्या प्रश्नाला माणूस लागतं, आणि तेही जिवंत असेपर्यंत. म्हणून मला जपलं नाहीत तरी चालेल. विचारायचं ते वेळेवर विचारा.

लेक मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. माझ्या फटीच्या घासलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं. ते कापलं नाही.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी वाचलीस ती चिठ्ठी तुझी होती. पण प्रश्न माझाच होता गं."