मध्यंतरात बाजू बदलताना

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाहुण्या संघाचे तीसेक समर्थक स्टेडियमच्या मुख्य स्टँडखालच्या बोळात अडकले. मागचं दार आपोआप लागलं, त्याला आतून मूठ नव्हती. पुढे लोखंडी शटर होतं, त्याला बाहेरून कुलूप होतं.

ते तिथे गेले कसे, हे कळायला फुटबॉलच्या खालच्या गटातली रीत माहीत हवी. तिथल्या मैदानांवर मोठे स्टँड नसतात. लोक दोरीबाहेर उभे राहून सामना बघतात. आपला संघ ज्या गोलवर चाल करतो त्या गोलमागे समर्थक थांबतात आणि मध्यंतरात संघांनी बाजू बदलली की तेही वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. समोरून विरोधी समर्थक येत असतात. वाटेत एकमेकांची यथेच्छ टर उडवली जाते, कोणी काडेपेटी मागतो, कोणी मुलाच्या लग्नाचं विचारतो. या हंगामात संघ वरच्या गटात चढला. बाहेरगावचा हा पहिलाच सामना. मध्यंतराची शिट्टी झाली आणि सगळे सवयीने उठून चालू लागले.

त्यांना कोणी अडवलं नाही, यालाही कारण होतं. संघाचा रंग पिवळा. समर्थकांतले निम्मे बांधकामावरचे, त्यामुळे कामावरची चकाकती पिवळी जाकिटं हाच सगळ्यांचा गणवेश होऊन बसला होता. स्टेडियमच्या कर्मचाऱ्यांची जाकिटंही तशीच. दारावरच्या माणसाने ही रांग येताना पाहिली. पुढच्या गवंड्याने त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याने दार धरून ठेवलं.

"बघा, वरच्या गटात मान असतो," गवंडी मागे वळून म्हणाला होता. हा गवंडी या मंडळींचा म्होरक्या. बस ठरवणं, तिकिटं आणणं, भांडणं मिटवणं, सगळं त्याच्याकडे.

रांगेत सगळ्यात शेवटी गोलकीपरची आई होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करते. एरवी ती बाजू बदलायला मंडळींबरोबर जात नाही. सगळे एकीकडे गेले की ही उलटीकडे, मुलाच्या गोलमागे. आज ती मंडळींच्या मागे आली, कारण खेळाडूंच्या खोल्या याच बाजूला आहेत असं कोणीतरी म्हणालं होतं आणि तिला प्रशिक्षकांना गाठायचं होतं.

पूर्वार्ध संपायच्या थोडं आधी एका कॉर्नरला मुलाच्या कानशिलावर गुडघा बसला होता. तो उठला, हात झटकले, खेळ पुढे चालू झाला. पण त्यानंतर मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा सगळे खेळाडू बाहेर निघाले आणि तो मात्र जाळीकडे चालत गेला. एका बचावपटूने त्याला कोपराला धरून वळवलं. लोक हसले. ती हसली नव्हती.

"काकू, पुढे येऊ नका, चेंगराल," भोंगा म्हणाला. हा भिंती रंगवणारा. घोषणा द्यायचं काम त्याचं, आणि त्याच्या आवाजामुळेच हे नाव पडलेलं.

"मला शटरपाशी जाऊ दे."

"तिथे काय आहे? शटरच आहे."

ती वाट काढत गेलीच. शटर आणि फरशी यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. बाहेर एका पहारेकऱ्याचे बूट दिसत होते. गवंडी गुडघ्यांवर बसून त्या बुटांशी बोलत होता.

"चावी सुपरवायझरकडे," बूट म्हणाले. "तो पलीकडच्या टोकाला. आणि सामना चालू असताना हे उघडायचं नाही, सक्त ताकीद आहे. मुळात तुम्ही आत शिरलात कसे?"

"तुमच्याच माणसाने दार धरलं."

"माझ्या माणसाने नाही. मी एकटाच आहे."

डोक्यावर काँक्रीट हादरलं. उत्तरार्ध सुरू झाला होता. बोळात एकच दिवा होता, हवा कोंदट झाली होती. कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. एकाने मागच्या दारावर लाथा घातल्या, मग दुसऱ्याने, मग दोघेही दमून खाली बसले.

"आता आपला पोरगा कुठल्या गोलमध्ये असेल?" तिने विचारलं.

भोंगा म्हणाला, "आपण बसलो होतो त्याच गोलमध्ये, काकू. अगदी आपल्या खुर्च्यांसमोर."

तिने गवंड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे साडू संघाच्या बाकावर असतात ना? मालिशवाले? त्यांना कळवा. त्याला बाहेर काढायला सांगा."

"वहिनी, काहीतरीच काय. पहिल्यांदा एवढं मोठं मैदान बघितलं, बावचळला असेल."

"त्याला बाहेर काढून घालणार कोणाला?" भोंगा म्हणाला. "तो दुसरा किपर? त्याच्यापेक्षा तुमची एखादी चादर टांगली तर जास्त बॉल अडतील. शून्य-शून्य चाललंय, काकू. इथून बरोबरी घेऊन गेलो तरी गावात तोंड दाखवता येईल."

दोघं-तिघं हसले. तेवढ्यात वरून एक गर्जना आली, चढत गेली आणि मध्येच तुटली. सगळे भोंग्याकडे बघू लागले. आवाजातलं त्याला कळतं, असं सगळे मानतात.

"गोल नाही," तो म्हणाला. "गोलचा आवाज असा तुटत नाही. वाचवला. बघा, ठणठणीत आहे पोरगा."

बोळात टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"हात चालतात त्याचे," ती म्हणाली. "ते झोपेतही चालतील. उन्हाळ्यात सरावात त्याच्या डोक्याला असाच मार बसला होता. दोन दिवस अंधारात पडून होता. मी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वर्षभर खेळायचं नाही. दुसरा मार बसला तर सांगता येत नाही."

"क्लबला माहीत आहे हे?" गवंड्याने विचारलं.

"नाही. नवा करार व्हायचा होता. त्याने माझ्याकडून शपथ घेतली."

भोंग्याने जाकिटाची चेन खाली केली, पुन्हा वर केली.

गवंडी फरशीवर पालथा झाला आणि फोन धरलेला हात त्याने फटीतून बाहेर काढला. एक काडी रेंज आली, गेली, परत आली. साडूला फोन लागला नाही. त्याने हात आत घेऊन टाईप केलं आणि तिला दाखवलं: किपरच्या डोक्याला लागलंय, जरा बघ.

"उन्हाळ्याचं लिहा."

"ते लिहिलं तर तो आज बाहेर आणि उद्या क्लबबाहेर. विचार करा, वहिनी. तो तुमच्याशी बोलणार नाही."

"न बोलू दे. लिहा."

त्याने लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले तेही लिहिलं आणि हात पुन्हा फटीबाहेर नेला. थोड्या वेळाने आत घेतला तेव्हा मेसेजसमोर एकच टिक होती. म्हणजे इथून गेला, तिथे पोचला नाही.

"मॅचला बसला की फोन बंद ठेवतो तो," गवंडी म्हणाला. "प्रशिक्षकांचा नियम आहे. तो मीच एकदा वाखाणला होता."

ती खाली वाकली. गाल फरशीला टेकला तेव्हा बूट तोंडासमोर आले.

"दादा, तुम्हाला मैदान दिसतं का?"

"अर्धं दिसतं, मावशी. कोपऱ्यातून."

"कुठलं अर्धं?"

"हे इकडचं. आमच्या किपरचं."

"माझा पलीकडे आहे."

बूट जरा हलले. "उघडलं असतं मी. पण चावीच नाही माझ्याकडे. देवाशपथ."

"तुम्ही स्वतः जाऊन सांगाल? बाकावर कोणालाही सांगा, त्याच्या आईने निरोप दिलाय म्हणून."

"जागा सोडली तर नोकरी जाते. आत तुम्ही इतके जण. काही झालं तर मी काय सांगू?"

"काही झालं तर..." ती म्हणाली.

वर लय धरून टाळ्या चालल्या होत्या. त्या विरळ झाल्या, मग थांबल्या. गर्जना नाही, शिट्ट्या नाहीत, पाय आपटणं नाही. बोळातले सगळे छताकडे बघू लागले. आता भोंग्याला कोणी काही विचारलं नाही.

"दादा?"

"खेळ थांबलाय," बाहेरून आवाज आला. "या बाजूचे सगळे पलीकडे बघताहेत. आमचा किपर मैदानाच्या मध्यापर्यंत गेलाय."

"काय झालंय?"

"दिसत नाही इथून."

"कोण पडलंय?"

"मावशी, दिसत नाही हो." त्याने बूट वळवले. मग म्हणाला, "थांबा. येतो मी."

बूट फटीसमोरून गेले. धावल्याचा आवाज काही वेळ आला, मग तोही येईनासा झाला. गवंड्याने पुन्हा हात फटीबाहेर काढला आणि तसाच ठेवला. गोलकीपरची आई गाल फरशीला लावून बाहेर बघत राहिली. बाहेर सिमेंटची मोकळी जमीन होती आणि एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची. पहारेकरी अजून परत आला नव्हता.