ओठांवरचे शेवटचे प्रकरण

तेलात भिजलेली पाने तो नखाने एकेक सोडवीत होता. पंधरावे पान सुटले, तेव्हा त्याची शाई सोळाव्यावर उतरलेली दिसली आणि सोळाव्याची सतराव्यावर. मागाला तेल देण्याची बुधली वहीच्याच कप्प्यात आडवी ठेवण्याचा मूर्खपणा त्याचा स्वतःचा होता, त्यामुळे रागवावे तरी कोणावर, हाही प्रश्नच होता.

पत्नीने चहा आणला, वहीकडे पाहिले आणि कप जरा लांबच ठेवला.

"लागतंय का काही?"

"मधले मधले 'आणि' तेवढे दिसतात."

"मग 'आणि'च्या पुढचं आठवा. तुम्हीच लिहिलंय ना?"

"रविवारपासून तेच करतोय."

विणकराची नोकरी सांभाळून नऊ वर्षांत त्याने ही कादंबरी लिहिली होती. एका प्रकाशकाने ती छापण्याचे कबूल केले होते. अट एवढीच, की संपूर्ण प्रत शनिवारी हाती पडावी, नाही तर तिची जागा दुसऱ्या पुस्तकास दिली जाईल. आज गुरुवार होता. पहिली वीस प्रकरणे पत्नीने आपल्या सुरेख अक्षरात उतरून ठेवली होती. राहिले होते ते हेच, शेवटचे. ते त्याने तीनदा नव्याने लिहून पाहिले. घटना त्याच येत. परंतु त्यांत जीव येत नसे.

गिरणीच्या विणखात्यात पाऊल ठेवताच चाळीस मागांचा खडखडाट अंगावर आला. त्या खात्यात माणसाचा शब्द माणसाच्या कानी पडत नसे. विणकर ओठ हलवून बोलत आणि ओठ पाहून समजत. निरोप, टोमणे, भांडणे, सारे त्याच मुक्या भाषेत चाले. त्याला सगळे पुटपुट्या म्हणत. मागावर उभा राहून तो आपली वाक्ये जुळवी, मनास पटेपर्यंत हळूच म्हणून पाही आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून वहीत उतरवी. माणसाला एखादी खोड असते, तशी ही आपली खोड आहे असे लोक धरून चालले असतील, अशी त्याची समजूत होती.

त्या सकाळी त्याने हाय खाल्ली. कादंबरीतली धाकटी बहीण घर सोडून गेली ती परत आलीच नाही, असे चार ओळींत लिहावे आणि मोकळे व्हावे. तो तुटका शेवट ओठांवर घोळवीत असता समोरून कोणी हात हलवला.

समोरच्या मागावर आबा होते. खात्यातले सर्वांत जुने विणकर. त्यांचे ओठ हलले.

"येते की."

"कोण?"

"बहीण. परत येते. दाराशी थांबते. चप्पल काढत नाही."

त्याच्या मागावर ताण्याचे धागे तटातट तुटले आणि माग थांबला.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडताच आबांपुढे जाऊन बसला.

"आबा, माझी वही वाचलीत कधी?"

"मला कुठं वाचता येतं, लेका? सही शिकलो, तेवढंच."

"मग हे कसं कळलं?"

"नऊ वर्षं तुझ्या थोबाडासमोर उभा आहे. दुसरीकडे बघू काय, भिंत?" आबांनी घास गिळला. "तुझी ती म्हातारी गेली ना, त्या दिवशी माझे अकरा धागे तुटले. मुकादमानं सगळ्यांदेखत माझी चामडी सोलली. आणि तू मात्र तिला मारून खुशाल पुढच्या गोष्टीला लागलास!"

जेथे ओरडणे ऐकू जात नाही तेथे पुटपुटणेही लपत नाही, ही साधी गोष्ट नऊ वर्षांत त्याच्या ध्यानी आली नव्हती. त्याने वहीची दशा सांगितली. मग हात जोडल्यासारखे केले.

"पुढचं सांगा ना, आबा."

आबांनी तोंड उघडले, मिटले, डोके खाजवले.

"इथं नाही रे येत. फार शांत आहे इथं. माग चालू होऊ दे."

घंटा झाली. खडखडाट भरून आला, आणि त्यासरशी आबांचे ओठ हलू लागले. शब्द त्याचे, थांबणेही त्याचे. जेथे तो श्वास घेत असे, तेथेच आबांनी घेतला. त्याने कोरी वही मागाच्या कडेला टेकवली आणि लिहू लागला. आपल्या मागाची आठवण झाली तेव्हा दचकून वळून पाहिले, तर शेजारचा डावखुरा विणकर कधीचाच तेथे येऊन त्याचे धागे सांधीत होता.

एवढ्यात मुकादम आला.

मागावर कागद दिसला तर त्या दिवसाची हजेरी जाई. त्याची पेन्सिल जागीच थांबली. मुकादमाने वही पाहिली, मग कमरेवर हात ठेवून आबांच्या ओठांकडे बराच वेळ पाहत राहिला. नंतर हात पुढे केला, तो वहीकडे नव्हे. आबांच्या खांद्यावर त्याने दोन बोटे आपटली.

"कंदील विसरलास. ती येते तेव्हा कंदील विझलेला असतो."

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. मुकादम पुढच्या रांगेकडे गेला आणि तेथे कोणावर तरी ओरडू लागला. अर्थात, ते कोणास ऐकू गेले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पत्नीने प्रकरण उतरून काढले. कंदिलाशी आली तेव्हा तिची लेखणी थांबली.

"हे छान आठवलंत हो."

"मला नाही आठवलं," तो म्हणाला, आणि मग तिला सगळे सांगत बसला.

शनिवारी प्रत पोहोचली.

सोमवारी तो मागावर उभा राहिला. नव्या गोष्टीचे पहिले वाक्य त्याच्यापाशी तयार होते. आजवर मान खाली घालून, धाग्यांकडे पाहत म्हणायची त्याची सवय होती. आज तो अर्धे पाऊल बाजूस सरकला, जेथे खिडकीचा उजेड तोंडावर पडत होता. समोर आबांनी मान वर केली. त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या डावखुऱ्याने. मग आणखी कोणी.

त्याने ओठ उघडले आणि गोष्ट सुरू केली, नेहमीपेक्षा थोडी सावकाश.