साठाचं वजन

दिवाळी सरून आठवडा झाला तरी गोदाकाठच्या गावांतून पटकी हलायचं नाव घेत नव्हती. सायखेड्याकडून बैलगाड्या यायच्या, गवतावर आडवं टाकलेलं माणूस उतरवायचं आणि गाडी दुसऱ्याला आणायला परत जायची. नाशिकबाहेर पत्र्याची छावणी टाकली होती. तिथे नजीर कंपाउंडरने नऊ दिवसांत घराचं तोंड पाहिलं नव्हतं.

वय अठ्ठावन्न, नोकरी सव्वीस वर्षं, आणि गर्व एकच: त्याच्या तराजूकडे आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं. झोपायला एक बाक होता, पण डोळा लागायच्या आत हाक यायची. त्यात रमजान. पहाटे दोन घास, पेलाभर पाणी, आणि मग ज्यांच्या अंगातलं पाणी वाहून गेलंय त्यांच्या शिरांत भरायला दिवसभर पाणी तयार करत बसायचं. थकवा पायांत होता तोवर ठीक होतं. आता तो डोक्यात चढला होता.

काम तसं साधं. पाइंटभर पाण्याला ऐंशी ग्रेन मीठ, गाळायचं, उकळायचं, बाटली बंद करायची. एका पारड्यात दोन वजनं, साठाचं आणि विसाचं, दुसऱ्यात मीठ. सकाळी त्याने चार बाटल्या केल्या. दुपारपर्यंत तीन संपल्या.

तिसऱ्या प्रहरी फुलाबाईला आणलं. पेठकडची डोंगरातली बाई, नवऱ्याबरोबर बाजरीच्या कापणीला उतरलेली. डोळे खोबणीत गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, नाडी हाताला लागेना. डॉक्टर कोठावदे सुई घेऊन बसले आणि ओरडले, "नजीरमियाँ, बाटली!"

नजीरने फळीवरची चौथी बाटली उचलली आणि त्याची नजर तराजूवर गेली. पारड्यात एकटं विसाचं वजन होतं. साठाचं पेटीत, आपल्या खाचेत, गुमान बसलेलं.

सकाळी तीन बाटल्या झाल्यावर कोणीतरी जुलाबावरच्या बिस्मथच्या पुड्या मागितल्या, म्हणून त्याने पारड्यातलं साठाचं वजन उचललं होतं. पण कधी? चौथी बाटली झाल्यावर, की आधी? सव्वीस वर्षांत त्याला असं काही आठवावं लागलं नव्हतं. आता आठवायला गेला, तर डोक्यात नुसता धूर.

गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? छावणीत रोज दोन-तीन जण जात होते. त्यात एक बाई गेली तर पटकीने गेली, असंच सगळे म्हणाले असते. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आला याचीच त्याला शिसारी वाटली.

पलीकडे आया मंगलाबाई भांडी उकळत होती. तिच्या तळव्यावर त्याने बाटलीतले चार थेंब ओतले. "जरा चाखून सांगा."

"खारट हाय."

"किती खारट?"

"आता खारट म्हंजे खारट, नजीरभाई! त्यात आनि किती काय?"

"नजीरमियाँ!" पुन्हा हाक आली.

तो गेला आणि उभ्यानेच बोलला, "साहेब, ही बाटली लावू नका. मीठ ऐंशी आहे की वीस, मला आठवत नाही."

डॉक्टरांनी वर पाहिलं. खाटेपाशी उकिडवा बसलेला फुलाबाईचा नवरा काळू, त्यानेही पाहिलं.

"रक्त टाकून बघा. लवकर," डॉक्टर एवढंच म्हणाले.

ही परीक्षा त्यांनीच कधीकाळी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. रक्तातली प्रत्येक तांबडी पेशी म्हणजे एक इवलीशी पिशवी. तिच्या पातळ पडद्यातून पाणी सहज आत-बाहेर जातं, मीठ तसं जात नाही. बाहेर मीठ कमी पडलं की पाणी आत घुसतं, पिशवी भिजत घातलेल्या मनुकेसारखी टम्म फुगते आणि शेवटी फुटते. शिरेत वीस ग्रेनांचं पाणी गेलं तर तेच होणार, फक्त माणसाच्या अंगात.

नजीरने काचेच्या नळीत बाटलीतलं थोडं पाणी घेतलं, अंगठ्याला सुई टोचली, थेंब पाडला, हलवलं. पेशी शाबूत राहिल्या तर पाणी गढूळ दिसायला हवं. त्याने नळीमागे औषधांची यादी धरली.

पाणी सरबतासारखं नितळ लाल झालं. यादीतलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. पण रडायलाही फुरसत नव्हती. त्याने पेटीतून साठाचं वजन काढून तेवढंच कमी पडलेलं मीठ तोललं, बाटलीत घातलं, पुन्हा गाळलं, पुन्हा उकळायला ठेवलं. आच वाढवली म्हणून पाणी काही घाई करत नाही. काळू मागे येऊन उभा राहिला.

"येळ का लागतोय, दादा?"

"माझी चूक झाली म्हणून."

काळूने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाला, "बराबर कर मग आता." शिवी दिली असती तर नजीरला सोपं गेलं असतं.

बाटली गार पाण्यात धरून निववली. दुसऱ्या बोटाचा थेंब टाकला. या वेळी नळी गढूळ झाली, मागचं एकही अक्षर दिसेना. तेव्हा कुठे त्याने बाटली डॉक्टरांच्या हातात दिली. ती अर्धी उतरली. मग डॉक्टरांनी मनगट चाचपलं आणि म्हणाले, "लागतेय नाडी." फुलाबाईचे ओठ हलले. तिने पाणी मागितलं.

"साहेब, मला काय ते बोला," नजीर म्हणाला.

"ओरडायचं त्राण नाही हो अंगात. उद्या ओरडतो." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

सूर्य बुडून गेला होता, नजीरला पत्ताच नव्हता. मंगलाबाईने फुलपात्र पुढे केलं तेव्हा त्याने बिस्मिल्ला म्हणून रोजा सोडला. पाणी घशाखाली उतरताना त्याला ते त्या चुकलेल्या बाटलीतलंच वाटलं. रात्रीसाठी अजून सहा बाटल्या करायच्या होत्या.

तो तराजूपाशी बसला. वजनं ठेवली, मिठाची बरणी उघडली, आणि हात तसाच थांबला. सव्वीस वर्षांत या तराजूपाशी त्याने कोणाला येऊ दिलं नव्हतं.

"मंगलाबाई," त्याने हाक मारली, "जरा इकडे या. पारड्यात काय दिसतं?"

तिने वाकून पाहिलं. "दोन वजनं हायेत. येक मोठं, येक बारकं."

"दर बाटलीला असंच बघायचं. आणि मोठ्याने सांगायचं."

"मला अडानीला काय कळतंय त्यातलं?"

"दोन मोजता येतात ना," नजीर म्हणाला, "मला आज तेवढेही आले नाहीत."

मग त्याने मीठ घातलं.