सान इसिद्रोच्या वाटेवरची आडवी फांदी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. पातं गंजलंय, टोक मोडलंय, मुठीला तारेचे वेढे घातलेत, हे मलाही दिसतं. पण मी कोयता आहे, आणि कधीकाळी त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगरांत माझ्याइतका नावाजलेला कोयता दुसरा नव्हता. ही बढाई नव्हे. बढाई मारण्याचे माझे दिवस केव्हाच सरले. एक गोष्ट माझ्याशिवाय आणि आणखी एका जिवाशिवाय कोणालाच ठाऊक नाही, ती तुम्हाला सांगून टाकावी म्हणतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि भावंडांबरोबर पेटीत कोंबून बोटीत चढवलं. सान इसिद्रो गावच्या दुकानात मी कित्येक महिने खिळ्याला लटकत होतो. एक दिवस कोकोच्या बागेत काम करणारा तेओ मार्कानो नावाचा तरणाबांड गडी आला, त्याने मला हातात तोलून पाहिलं आणि घेऊन गेला. महिनाभरातच माझी मूठ फुटली. तेव्हा त्याने पुई नावाच्या टणक झाडाच्या लाकडाची नवी मूठ तासली, अगदी आपल्या पंजाच्या मापाची. त्यानंतर मी दुसऱ्या कोणाच्या हातात नीट बसलोच नाही. रोज पहाटे तो कोकोचा चहा घेऊन पायरीवर बसे आणि कानशीने मला धार लावी. त्या वेळी आम्हा दोघांचं बरं चाललं होतं.

पुढे बागा ओस पडल्या. तरुण पोरं शहराकडे गेली. तेओची बायकोही त्याच सुमारास तापाने गेली, आणि सहा वर्षांची इनेस तेवढी त्याच्याजवळ उरली. तो दिवसदिवस कोणाशी बोलायचा नाही. मग एकदा डोंगराखालच्या शाळेतले सूकू मास्तर चढून आले. मास्तर म्हणजे गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. पायरीवर धपकन बसत म्हणाले, "तेओ, शहरातल्या लोकांना झाड दिसत नाही, आणि तुझ्याकडे झाडांशिवाय दुसरं काही नाही. रविवारी चार डोकी घेऊन येतो. फिरव त्यांना."

"आणि हरवली तर?"

"एकदोन हरवली तर शाळेचं भलंच होईल रे!"

तिथून सुरुवात झाली. बघता बघता दर रविवारी गाडी भरून माणसं यायला लागली. बँकेतले बाबू, दवाखान्यातल्या नर्सा, नुकतं लग्न झालेली जोडपी. तेओ सगळ्यांच्या पुढे, आणि मी तेओच्याही पुढे. वेली तोडायच्या, चढणीवर पायऱ्या खोदायच्या, दमलेल्याला काठी कापून द्यायची, तहानलेल्याला शहाळं फोडून द्यायचं, सगळं मीच करायचो. धबधब्याखालच्या डोहाशी पोहोचलं की तीन दगडांवर मास्तरांचा पेलाव शिजायचा. तांदूळ, तुरीचे हिरवे दाणे, कोंबडी, सगळं एकाच काळ्या पातेल्यात. ते पातेलं मास्तर पाठीवर स्वतः वाहून न्यायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. लोक तेओबरोबर माझेही फोटो काढायचे. तेव्हा मी जरा जास्तच चमकायचो, खोटं कशाला बोलू!

आमच्या वाटेचा एक कायदा होता, तो नीट समजून घ्या. जिथे वाट फुटते, तिथे म्होरक्याने ताजी फांदी तोडून चुकीच्या वाटेवर आडवी टाकायची. मागून येणाऱ्याने फांदी दिसली की ती वाट सोडायची, दुसरी धरायची. फांदी ओलांडायची नाही, विचारायचं नाही, डोकं चालवायचं नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी एक पिछाडीचा माणूस असायचा. त्याच्या मागे कोणी उरता कामा नये. सगळे पुढे गेले की त्याने फांदी उचलून दरीत टाकायची, कारण ती वाट कोणा शिकाऱ्याची, कोणाच्या बागेची असते. ती अडवून ठेवणं बरं नव्हे.

इनेस मोठी झाली तेव्हा पिछाडी तिच्याकडे आली. पुढे बाप, मागे लेक, मध्ये सगळं जग. एकतीस वर्षांत आमच्या वाटेवर एक माणूस हरवला नाही. गावात कोणी तेओचं नाव काढलं की आधी हीच गोष्ट सांगायचे. माझ्या धन्याकडे ना जमीन होती ना पक्कं घर. त्याच्याकडे होती ती एवढीच इज्जत.

मग त्याचा हात बदलला. माणसांना कळायच्या आधी ते मला कळलं. एकदा सकाळी त्याने मला धार लावली, आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि पुन्हा धार लावायला बसला. एका रविवारी भर चढणीत तो थांबला आणि हातातल्या माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, की हे काय आहे आणि कशासाठी आहे! क्षणभरच. मग हसला, चालू लागला. मागच्यांना वाटलं, दम लागला असेल.

सूकू मास्तरांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांनी अंगणात इनेसला गाठलं. मी खांबाला लटकलेला होतो, सगळं ऐकत होतो.

"पोरी, तुझ्या बापाच्या हातातून कोयता काढून घे."

"काय बोलताय मास्तर?"

"काल मला विचारत होता, तुझी बायको कशी आहे म्हणून. मी म्हटलं, बरी आहे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तीनदा विचारलं, इनेस."

तिने हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत आहे. चुलीवर भांडं ठेवून विसरतात. पण रविवार काढून घेतला तर पापा जगायचे नाहीत हो. गावच्या सणापर्यंत राहू दे. मग मी बोलते."

"सणापर्यंत?"

"एवढे तीनच रविवार. मी आहे ना मागे."

मास्तरांनी मान डोलावली. काय करतील, त्यांचाही जीव तेओवर होता. दोघांनीही प्रेमापोटी तोंड मिटून घेतलं. मला आजही त्यांचा राग येत नाही, पण तीन रविवार फार होतात, मित्रांनो.

दुसऱ्याच रविवारी ते घडलं. रात्रभर पाऊस झाला होता, म्हणून शहरातून सहाच जण आले होते. शिवाय मास्तर, इनेस आणि आम्ही. ओढ्यापाशी सगळे टेकले. सहाही जण तरणेताठे, ते तेओच्या पाठोपाठ निघाले. मास्तर पातेलं घेऊन मागून हळूहळू. थोडं चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की टोपी ओढ्यावरच राहिली.

"राहू दे टोपी, टकलाला वारा लागेल जरा," असं ते म्हणाले असणार. पण ऊन चढत होतं. इनेस म्हणाली असणार, "तुम्ही चालत राहा, मी पळत जाऊन पळत येते." पिछाडीच्या माणसाने कधी मागे फिरू नये. ती फिरली.

आम्ही तोवर वाट फुटते तिथे पोहोचलो होतो. उजवी वाट डोहाकडे उतरते. डावी जाते थेट धबधब्याच्या माथ्यावर, शेवाळलेल्या कातळावर. तेओने त्या सहा जणांना उजवीकडे घातलं. "उतरा खाली, मी आलोच," म्हणाला आणि मागच्या दोघांसाठी फांदी तोडायला वळला. एका घावात मी फांदी तोडली. ती उचलून तो उभा राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्याची पकड ढिली झाली, मला जाणवलं. मग त्याने ती फांदी उजव्या वाटेवर आडवी टाकली.

अरे बाबा, तिथे नको! लोखंडाला तोंड नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. एकतीस वर्षं मी त्या फाट्यावर फांदी तोडली होती, मला डोळे मिटून ती जागा ठाऊक होती. पण टाकणारा हात त्याचा होता. इतक्यात डोहावरून एका मुलीचा हसण्याचा आवाज आला, "अंकल तेओ, या ना, पाणी गारेगार आहे!" आणि तो त्या आवाजाच्या दिशेने, आपलीच फांदी ओलांडून, खाली उतरला.

पुढचं मी पाहिलं नाही. आम्ही डोहाशी पोहोचलो न पोहोचलो, तोच वरून काहीतरी आदळत आल्याचा आवाज झाला. काळं पातेलं धडधडत खडकांवर आलं. आणि पलीकडच्या घळीत मास्तर.

सगळे तिकडे धावले. मास्तरांचा जीव जागीच गेला होता. मग वरून इनेसची शिट्टी ऐकू आली, एकसारखी, लांबच लांब. तेओ मला घेऊन धापा टाकत फाट्यावर चढला. तिथे इनेस उभी होती, हातात मास्तरांची टोपी. उजवी वाट मोकळी होती. डावीही मोकळी होती. मी खाली दरीत पाहिलं, तर फांदी तिथे पडली होती. माझा घाव मी ओळखतो. पोरीने सगळं पाहिलं होतं, सगळं समजलं होतं, आणि शिट्टी फुंकायच्या आधी तिने एकच काम केलं होतं, उजव्या वाटेवरची ती फांदी दरीत फेकली होती.

"फांदी कुठे आहे?" तेओने विचारलं.

"मी उचलली, पापा."

"मागे माणूस असताना?"

"मला वाटलं, मास्तर पुढे गेले. डाव्या वाटेवरची फांदी मी उचलून टाकली, मग टोपी आणायला परत गेले. ते मागून आले, त्यांना वाट उघडी दिसली."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. तेओने तिच्या मुस्कटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

चौकशी झाली, तिथेही तिने तेच सांगितलं. गावाने ते खरं मानलं. न मानायला काय झालं होतं? तेओ मार्कानोची फांदी चुकते कुठे! मयताच्या घरी रात्र जागवताना लोकांनी तेओला मधोमध बसवलं, कॉफीचा पेला हातात दिला, आणि इनेस दाराबाहेर उभी राहिली. मास्तरांच्या बायकोने तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. डोंगरावरचे रविवार त्या दिवसापासून बंद झाले.

आणि मी भिंतीवर गेलो. ओल लागली, गंज चढला. कोणी हात लावला नाही, त्याचं दुःख मला नाही. दुःख वेगळंच आहे. तेओ हळूहळू सगळं विसरला. गाव विसरला, बायकोचं नाव विसरला, पायांत चपला कशा घालायच्या तेही विसरला. पण जे कधी घडलंच नव्हतं, तेवढं मात्र विसरला नाही. रोज सकाळी उठून विचारायचा, "फांदी कोणी उचलली?"

आणि रोज सकाळी इनेस सांगायची, "मी, पापा."

मग तो तोंड फिरवायचा, तिच्या हातचं खायचा नाही. दुपार झाली की तिला ओळखेनासा व्हायचा. तेवढाच तिचा सुखाचा वेळ. तेव्हा ती परकी बाई होऊन त्याला घास भरवायची.

"तू कोणाची गं?"

"इथलीच, वरच्या आळीची."

"हाताला चव आहे तुझ्या. मलाही एक मुलगी होती."

"हो का? कशी होती?"

"नाव काढू नकोस तिचं," तो म्हणायचा, आणि ती मुकाट्याने त्याचं तोंड पुसायची. सात वर्षं, मित्रांनो. एकदाही तिच्या तोंडून खरं निघालं नाही. मी भिंतीवरून बघायचो. मला तर वाटायचं, आता खिळा उपटून पडावं आणि एकदाचा खणखणाट करावा. पण कोयता पडला तरी काय बोलणार!

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. भरवून झाल्यावर त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "तो काढ." तिने मला काढलं, त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने अंगठ्याने माझी धार चाचपली. "बोथट केला मेल्यांनी," म्हणाला. मग मला उचलून तिच्यापुढे धरलं.

"हा तू घेऊन जा. तू भली बाई आहेस. माझ्या मुलीच्या हाती लागू द्यायचा नाही. शपथ घे."

इनेस त्याच्या मांडीवर सांडलेली शितं वेचू लागली.

"घे ना शपथ!"

"शपथ," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी मला घेतलं. त्याच्या पंजाच्या मापाची ती मूठ तिच्या हातात कधीच बसायची नव्हती. आत स्वयंपाकघरात जाऊन ती मला पोटाशी धरून जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबावा तसा झग्याचा काठ कोंबून रडली, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

शनिवारी तेओ गेला. त्याला अख्खं गाव पोचवायला आलं. एकही माणूस न हरवणारा म्होरक्या, असं सगळे म्हणाले. शपथेला जागून इनेसने मला घराबाहेर काढलं, आणि हात बदलत मी इथे तुमच्यापुढे आलो.

मित्रांनो, मला धार लावा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस एकच प्रश्न तीनदा विचारायला लागलं, तर सणापर्यंत थांबू नका. त्याच्या हातातली जोखमीची वस्तू त्याच दिवशी काढून घ्या. ते चिडेल, रुसेल, जेवणार नाही. चालेल. त्याच्याजवळ बसून राहा.

आणि कधी सान इसिद्रोला गेलात, तर चर्चमागच्या शेवटच्या घरात इनेस मार्कानो राहते. तिच्याकडे कोणी फारसं जात नाही. तिला एवढंच सांगा, की कोयत्याला सगळं ठाऊक आहे.